लाकडी पक्षीघर : पहिल्यांदाच करवत हातात धरणाऱ्यांसाठी

ढोली

पक्ष्यांसाठी घरटं बनवायचं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एक चित्र येतं. उतरतं रंगीत छप्पर, पुढे बसायला दांडी, गोल खिडकी, कधी छोटंसं कुंपणसुद्धा. यातलं जवळपास काहीच पक्ष्याला नको असतं. त्याला हवी असते ढोली. आत अंधार, कोरडी जागा आणि आपल्यापुरतंच तोंड. म्हणून हा धागा बंगला बांधण्याचा नाही, फळीच्या तुकड्यांतून ढोली जुळवण्याचा आहे. करवत, ड्रिल, स्क्रू यांना कधी हात लावला नसेल त्यांनाही जमेल, फक्त मापं पाळायची.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. सगळे पक्षी खोक्यात येत नाहीत. बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं करतो, शिंपी पानं शिवतो, सुगरण विणते. यांच्यासाठी खोका टांगला तर तो रिकामाच राहणार. जे मुळात ढोलीत, भिंतीच्या भोकात, वळचणीला घरटं करतात तेच येतील : चिमणी, वल्गुली (इंग्रजीत टिट), दयाळ, साळुंकी वगैरे. पहिल्या खोक्यासाठी मी चिमणीच सुचवीन. ती माणसांच्या वस्तीला लागूनच राहते, त्यामुळे खोका घराजवळ लावता येतो.

कोण आत येणार हे छपराच्या रंगावर ठरत नाही, भोकाच्या व्यासावर ठरतं. चिमणीला ३२ मिमी पुरतं. वल्गुलीला २८ मिमी चालतं. भोक ५० मिमीचं केलंत तर साळुंकीला दार उघडलंत असं समजा, आणि ती आली की चिमणी बाहेर. उत्तर अमेरिकेत ब्लूबर्डसाठी ३८ मिमीचं भोक ठेवतात ते याच कारणासाठी : ब्लूबर्ड आत जातो, त्याहून मोठी स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातला पक्षी) बाहेरच राहते. पहारेकरी ठेवण्यापेक्षा हे काही मिलिमीटर जास्त काम करतात.

आता फळी. १५० मिमी रुंद, १५ मिमी जाड आणि साधारण दीड मीटर लांब अशी एकच फळी घ्या. सगळे तुकडे फळीच्या पूर्ण रुंदीचे आहेत, म्हणजे लांबीत फाडायचं काम नाही, फक्त आडवे काप. नवशिक्यासाठी हीच मोठी सोय.

मागची फळी ३५० मिमी.
दोन्ही बाजू मिळून ४५० मिमीचा एक तुकडा.
पुढची फळी १९५ मिमी.
तळ १२० मिमी.
छप्पर २२५ मिमी.

बाजूंची गंमत अशी. ४५० चा तुकडा घ्या. एका कडेवर डावीकडून २५० मिमीवर खूण करा, समोरच्या कडेवर डावीकडूनच २०० मिमीवर. दोन खुणा तिरक्या रेषेने जोडा आणि कापा. एकाच कापात दोन्ही बाजू तयार, मागे २५० उंच, पुढे २०० उंच, आणि दोघींचा उतार आपोआप एकसारखा.

पुढची फळी २०० ऐवजी १९५ ठेवायचं कारण : छप्पर उतरतं असल्यामुळे पूर्ण उंचीची फळी वर अडते. पाच मिमी कमी केल्यावर ती अडत नाही.

जुळणी करताना दोन्ही बाजू पुढच्या आणि मागच्या फळीच्या मधे येतात, कडेला कड लावून. आतली रुंदी मग १५० वजा दोन जाड्या, म्हणजे १२० मिमी. तळाचा तुकडा नेमका तेवढाच आहे. मागची फळी वरखाली पन्नास-पन्नास मिमी बाहेर राहील, टांगायचे स्क्रू तिथे.

भोकाचा मध्य पुढच्या फळीच्या खालच्या कडेपासून १६० मिमीवर, रुंदीत बरोबर मधोमध. म्हणजे भोकाची खालची कड तळापासून जवळजवळ १३० मिमी उंच राहते. ही उंची कमी करू नका. घरटं भरत भरत वर येतं, आणि भोक खाली असेल तर मांजराचा पंजा थेट पिल्लांपर्यंत पोचतो.

पुढची फळी जोडण्याआधी तिच्या आतल्या अंगाला, भोकाच्या खाली, करवतीने किंवा पटाशीने आडवे ओरखडे काढा. पाच-सहा पुरेत. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर पिल्लांच्या नखांना आधार मिळत नाही आणि उडायची वेळ आली तरी ती वर चढू शकत नाहीत. विकत मिळणाऱ्या देखण्या खोक्यांत नेमकी हीच गोष्ट राहून गेलेली दिसते, म्हणून इतकं सांगतोय. आतून पॉलिश पेपर मारू नका. आतलं लाकूड जितकं खरखरीत तितकं चांगलं.

तळाला चार कोपऱ्यांत सहा मिमीची भोकं, पाणी निघून जायला. दोन्ही बाजूंना अगदी वर, छपराच्या सावलीत, तशीच दोन-दोन हवेसाठी. बसायची दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, उलट शिकारी पक्ष्याला टेकायला जागा मिळते.

छप्पर कायमचं ठोकू नका. हंगाम संपला की खोका उघडून साफ करावा लागतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी छप्पर आणि मागची फळी यांच्या सांध्यावर बारीक खिळ्यांनी मारली की ती बिजागरीही होते आणि सांध्यातून पाणीही आत येत नाही. पुढे दोन्ही बाजूंना एकेक हुक लावा म्हणजे वाऱ्याने किंवा मांजराने छप्पर उचललं जाणार नाही.

शंका विचारा.

---

कोरी_पाटी

वाचनखूण साठवली. मी खरोखरच कोरी पाटी आहे, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. साध्या ड्रिल मशीनला ३२ मिमीचं भोक कसं पाडायचं? माझ्याकडे सगळ्यात जाड बिट दहा मिमीचं आहे. आणि घरात प्लायवूडचे तुकडे पडलेत, एक जुनं माल पाठवायचं लाकडी खोकंही आहे. त्यातलं काही चालेल का?

---

ढोली

कोरी_पाटी, भोकाचे तीन मार्ग आहेत.

होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) किंवा चपटं स्पेड बिट मिळालं तर काम सोपं. फळीमागे टाकाऊ लाकडाचा तुकडा क्लॅम्पने घट्ट धरा, नाहीतर बिट पलीकडे निघताना लाकडाचे रेषे उपटून आणतं. स्पेड बिट असेल तर टोक पलीकडे जरासं दिसलं की थांबा, फळी उलटी करा आणि उरलेलं त्या बाजूने पाडा.

ते नसेल तर कंपासने ३२ मिमीचं वर्तुळ काढा, रेषेच्या आतून सहा मिमीची भोकं एकमेकांना लागून पाडत जा, मधला तुकडा पटाशीने काढा आणि अर्धगोल कानशीने रेषेपर्यंत घासा. वेळ लागतो, पण होतं.

तिसरा मार्ग बिन-ड्रिलचा. पुढच्या फळीच्या वरच्या कडेत ३२ मिमी रुंद, ३२ मिमी खोल अशी चौकोनी खाच करा. करवतीचे दोन उभे काप, खालून पटाशी. खाचेवर छप्पर आलं की तेच दार. दार गोलच असलं पाहिजे असा पक्ष्याचा काही आग्रह नसतो.

लाकडाचं : प्लायवूड बाहेरच्या वापराचं असेल तर चालवून घेता येईल, साधं प्लायवूड पावसाने फुगून पदर सुटतात. एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) तर मुळीच नको. ते ओलाव्याने फुगून मऊ पडतं, आणि कापताना उडणारी बारीक धूळ आपल्यालाही वाईट. जुन्या खोक्यावर जळका शिक्का असेल तो बघा. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं, ते घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली, ते लाकूड बाजूला ठेवा. जुना रंग दिलेलं लाकूडही नको, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूडसुद्धा नको.

---

रंधा_पटाशी

उत्तम धागा. कापण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण नवशिक्याचे तुकडे वाकडे होतात ते मापामुळे नाही, कापण्यामुळे.

गुण्या (काटकोन मापायचं साधन) लावून रेघ मारली की ती फळीच्या चारही अंगांवर फिरवून घ्या, नुसती वरच्या अंगावर नको. पेन्सिलीला बारीक टोक हवं. करवतीचं पातं स्वतःच दीड-दोन मिमी लाकूड खातं, म्हणून पातं रेघेवर नको, रेघेच्या टाकाऊ बाजूला लावा. आणि सगळ्या रेघा एकदम मारून ठेवू नका. एक तुकडा मोजा, कापा, मग नव्या कडेपासून पुढचा मोजा. नाहीतर पात्याने खाल्लेलं लाकूड दर तुकड्यातून वजा होत जातं.

सुरुवात करवत दोन-तीनदा हलकेच मागे ओढून करायची. खाच पडली की मग लांब, सावकाश हात. दाब द्यायचा नाही, दात आपलं काम करतात. शेवटच्या बोटभर अंतरावर दुसऱ्या हाताने सुटणारा तुकडा धरा. नाहीतर तो स्वतःच्या वजनाने मोडतो आणि खालच्या कडेची ढलपी उडते.

एका बाबतीत धागाकर्त्यांपेक्षा थोडं पुढे जाईन. खिळे नकोतच. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि दर वेळी खिळा केसभर वर येतो. ४० मिमीचे गंज न धरणारे स्क्रू वापरा. आधी दोन-अडीच मिमीचं भोक पाडून घ्या, विशेषतः फळीच्या टोकाजवळ. पंधरा मिमी जाडीच्या फळीत थेट स्क्रू पिळला की रेष्यांबरोबर ती हमखास चिरते. वरच्या फळीतलं भोक स्क्रू सैलसर जाईल इतकं मोठं ठेवा, म्हणजे स्क्रूच्या डोक्याने ती खालच्या फळीवर आवळली जाते.

---

ढोली

रंधा_पटाशी, स्क्रूबद्दल शंभर टक्के सहमत. ज्यांच्याकडे ड्रिलच नाही त्यांनी खिळेच घ्यावेत, पण टोकावर हातोडीने एक हलका ठोका मारून ते बोथट करून. अणकुचीदार खिळा रेषे पाचरीसारखे फाकवतो, बोथट खिळा ते चिरडून आत जातो, त्यामुळे फळी फाटत नाही.

---

कोरी_पाटी

तुकडे कापून झाले. दोन्ही बाजू खरंच एका कापात निघाल्या, फार आनंद झाला! पण तळ आणि उजव्या बाजूच्या मधे तीनेक मिमीची फट राहतेय. लांबी भरून काढायला पट्टी चिकटवू की नवा तुकडा कापू?

---

रंधा_पटाशी

काहीच करू नका. तळाला पाणी जायला भोकं पाडणारच आहात, ही फट त्याच कामाची. फट वरच्या बाजूला असती, म्हणजे छप्पर आणि बाजूच्या मधे, तर मात्र बुजवायला सांगितली असती. पावसाचं पाणी तिथून आत येतं आणि ओल्या घरट्यात पिल्लं गारठतात. ताई, कपाट बनवताना जी नजर लागते ती इथे नको. वरून पाणी न येणं, खालून पाणी जाणं आणि भोकाचं माप, एवढं बरोबर असलं की बाकी फरक खपून जातो.

---

सावली

रंगाचं कोणीच बोललं नाही. लहान मुलांबरोबर करणार आहे, त्यांना रंगवायचंच आहे. पूर्ण मनाई आहे का?

---

ढोली

मनाई नाही. आतून, भोकाच्या कडेला आणि भोकाच्या आतल्या गोलाईवर रंग नको. बाहेरून पाण्यात मिसळणारा, उग्र वास नसलेला रंग चालेल. फिकट रंग घ्या. मातकट, राखाडी, फिकट हिरवा. गडद रंग ऊन शोषतो आणि खोका तापतो. अंगावर पिसं न फुटलेल्या पिल्लांना आतली उष्णता सोसत नाही. पत्र्याचे डबे टांगू नका म्हणतात तेही याचसाठी. रंगवून झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवा, मगच लावा. मुलांना छप्पर द्या रंगवायला, मोठी मोकळी जागा आहे.

रंग नको असेल तर बाहेरून कच्च्या जवसाच्या तेलाचा हात देता येतो, लाकूड पाणी कमी पितं. सुकायला बराच वेळ लागतो. आणि हे मुलांसोबत करताय म्हणून मुद्दाम : तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

---

पानगळ

मी सुतारकामातली नाही, पक्षी बघते. खोका कुठे लावायचा यावर लिहिते, कारण नीट बनवलेले कितीतरी खोके चुकीच्या जागेमुळे रिकामे राहतात.

जमिनीपासून दोन ते चार मीटर उंची. दुपारचं थेट ऊन आणि पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला भोकाचं तोंड नको. वरचा भाग किंचित पुढे झुकवून लावा, म्हणजे भोकावर थेंब पडत नाहीत. भोकासमोर उडत यायला मोकळी वाट हवी, पण खोक्याला टेकून फांदी नको, त्यावरून मांजर येतं. झाडाला लावताना तार आवळून बांधू नका. खोड जाड होत जातं आणि तार सालीत रुतते. रुंद पट्टा घ्या आणि दर वर्षी सैल करा.

खाद्याची ताटली खोक्याला लागून ठेवायचा मोह आवरा. तिथे सगळ्यांचीच ये-जा होते आणि घरटं करणारी जोडी दिवसभर हुसकावण्यातच दमते. खोक्यात दाणे, कापूस, गवतही टाकू नका. काडी काडी आणणं हा जोडीच्या तयारीचाच भाग आहे.

एकदा जोडी आली की लांबून बघा. चिमणी साधारण चार-पाच अंडी घालते, ११ ते १४ दिवस उबवते आणि पिल्लं आणखी दोन आठवड्यांनी उडतात. या शेवटच्या दिवसांत छप्पर उघडणं सगळ्यात धोक्याचं. पिल्लं घाबरून पंख तयार व्हायच्या आधीच बाहेर उड्या घेतात.

---

मधली_फांदी

आमच्याकडे वर्षभर खोका रिकामा आहे. भोकाचं माप बरोबर, दांडी नाही, सावली आहे. चिमण्या येऊन भोकातून डोकावतात आणि जातात. काढून दुसरीकडे लावू का?

---

पानगळ

डोकावतात ही चांगली खूण आहे. एक वर्ष फार नाही, पुढचा हंगाम जाऊ द्या, मग जागा बदला. तोवर दोन गोष्टी तपासा. आत मुंग्या, गांधीलमाशीचं पोळं किंवा कोळ्याची जाळी आहे का? आणि आसपास पिल्लांना भरवायला किडे मिळतात का? मोठ्या चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस मुख्यतः अळ्या-किडेच लागतात. कीटकनाशक मारलेल्या बागेत कितीही छान खोका लावला तरी जोडी पिल्लं वाढवू शकत नाही. मला विचाराल तर खोक्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे बागेचा एक कोपरा न फवारता, न छाटता सोडून देणं.

शिवाय रिकामा दिसतो म्हणजे निरुपयोगी असं नाही. थंडीच्या रात्री काही पक्षी नुसते झोपायलाही अशा ढोलीत येतात.

---

रानवाट

छान चर्चा. एक जुनी आठवण नाही, जुनी माहिती सांगतो. जर्मनीत हान्स फॉन बेर्लेप्श यांनी सुतारपक्ष्याने कोरलेल्या ढोल्या नीट अभ्यासल्या आणि त्याच आकाराच्या पोकळ्या ओंडक्यांत कोरून पक्ष्यांना दिल्या. सजावटीकडे न जाता खऱ्या ढोलीची नक्कल करायची, हा विचार जुनाच आहे. आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला पर्पल मार्टिन (भिंगरीच्या कुळातला पक्षी) तर आता जवळजवळ पूर्णपणे माणसांनी टांगलेल्या घरट्यांवरच अवलंबून आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी पोकळ भोपळे टांगायला सुरुवात केली होती.

ढोली, हंगाम संपल्यावर साफसफाई कशी करायची तेही लिहा ना.

---

ढोली

रानवाट, मार्टिनबद्दल वाचून बरं वाटलं.

साफसफाईची घाई नको. चिमणी एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालते, तेव्हा पहिली पिल्लं उडाली म्हणून लगेच खोका उघडायचा नाही. येणंजाणं पूर्ण थांबलं की हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून जुनं घरटं काढा. त्यात बारीक गोचिड्या आणि पिसवा असतात. मग आतून उकळतं पाणी ओता आणि उन्हात कडकडीत वाळवा. कीटकनाशक किंवा फिनेल नको. त्याच वेळी स्क्रू आवळा, ट्यूबची पट्टी तडकली असेल तर बदला, आणि भोकाची कड बघा. खार कुरतडून ते मोठं करते. तसं दिसलं तर ३२ मिमीचं भोक पाडलेली पत्र्याची चकती बाहेरून स्क्रूने बसवा, तिच्या कडा कानशीने बोथट करून.

---

कोरी_पाटी

खोका जुळला! छप्पर ट्यूबने बसवलं, ओरखडे काढले, मोजपट्टी घालून भोक तपासलं. ३२ ऐवजी ३३ आलंय, चालेल ना? आणि अजून एक. फळी घेतानाच दोन घेतल्या होत्या. दुसरा खोका याच भिंतीवर लावू की घराच्या पलीकडच्या बाजूला?

---

पानगळ

३३ चालेल. दुसरा त्याच भिंतीवर लावा, फार लांब नको. चिमण्यांना शेजार आवडतो, एका भिंतीवर तीन-चार जोड्या सुखाने राहतात. वल्गुलीसाठी खोका करणार असाल तर मात्र तो दूर लावा. ती जोडी आपल्या जातीचं दुसरं घरटं जवळ सहन करत नाही. आणि दोन्ही खोक्यांची तोंडं एकमेकांसमोर येणार नाहीत एवढं बघा, एकाच दिशेला ठेवा.

---

रंधा_पटाशी

आणि दुसऱ्याचे तुकडे कापताना पहिल्याची मापं पुन्हा टेपने घेऊ नका. पहिला खोका सुटा करायची गरज नाही, कागदावर मापं लिहून ठेवली असतील त्यावरूनच चला. तळ मात्र या वेळी बाजू जोडून झाल्यावर, प्रत्यक्ष आतली रुंदी मोजून कापा. ती तीन मिमीची फट राहणार नाही.